गल्लीतले खांब काढले त्या वर्षी

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मामंजी घरी आले, आणि एकटेच आले.

मी स्वयंपाकघरात होते. शाळेतून येऊन तास झाला होता, दोश्याचं पीठ वाटून झालं होतं आणि मी ते डब्यात काढत होते. ग्रिलचं दार उघडल्याचा आवाज आला, मग अंगणातल्या नळाखाली पाय धुतल्याचा. माझे सासरे आत आले, खांद्यावरचा पंचा खुंटीला लावला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काप्पी होईल कां?"

मी कॉफीसाठी दूध तापत ठेवलं. मुलगी दारात चपला काढत असेल, समोरच्या घरातल्या मांजरापाशी रेंगाळली असेल, असं मी धरूनच चालले होते. ती तेव्हा सात वर्षांची होती. काप्पी गाळून पेला मामंजींच्या हातात दिला तरी ती आत आली नाही, तेव्हा मी विचारलं, "पोर कोठे राहिली?"

त्यांनी पेल्यातून डोकं वर केलं. "कोणची पोर?"

मला थट्टा वाटली. मामंजी कधीमधी कोरड्या चेहऱ्यानं थट्टा करत. मी हसले. "आपली. बागेत नेलीत ती."

"मी कोठे बागेत गेलो? दुपारपासून इथेच बसलो आहे."

ते खोटं बोलत नव्हते. मला आजही आठवतं ते त्यांचं शांत, जरासं गोंधळलेलं तोंड, आणि फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत उमटलेली त्यांची ओली पावलं.

मी दारात जाऊन गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. ऐप्पसी महिना होता, म्हणजे दिवाळीनंतरचे पावसाळी दिवस, पाऊस नुकताच थांबला होता, अंधार लवकर पडत होता. गल्लीतले नवे दिवे लागले होते. मुलगी कुठेच नव्हती.

मी आत आले, गॅस बंद केला, सिलिंडरचं बटणही फिरवलं, स्कूटीची किल्ली घेतली. मग एक गोष्ट केली जी त्याआधी कधी केली नव्हती. बाहेर पडताना ग्रिलला बाहेरून कुलूप लावलं. मामंजी आत काप्पी पीत होते.

बाग आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांच्या वाटेवर. राजवाड्याच्या मागच्या अंगाला, जुन्या खंदकाच्या कडेला, पूर्वी तिथे नुसतं रान माजलेलं होतं. मोडक्या गाड्या, बकऱ्या, सकाळच्या वेळी न सांगण्यासारखं बरंच काही. आम्ही मुली लहान असताना त्या बाजूला फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद होती. मग त्याच वर्षी आमच्या भागाचं काम निघालं. गल्ल्यांमध्ये फरशा आल्या, गटारं झाकली, तारा जमिनीखाली गेल्या, आणि त्या रानाच्या जागी मुलांची बाग झाली. घसरगुंडी, झोके, म्हाताऱ्यांसाठी पाठ टेकायची बाकं, पिण्याच्या पाण्याचा नळ, खंदकाच्या बाजूला लोखंडी कुंपण. संध्याकाळी तिथे इतकी माणसं जमू लागली की उकडलेले हरभरे विकणारी सुंडलवाली आपली टोपली घेऊन देवळासमोरून उठून फाटकापाशी येऊन बसली. मलाही ती बाग फार आवडली होती. आमच्या पिढीच्या आयांना असं काही मिळालंच नव्हतं.

मुलीला बागेत न्यायचं काम मामंजींचं. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, माझे यजमान तिरुचीला नोकरीला, रोज बसनं जाऊन येऊन करणारे. माझी शाळा साडेचारला सुटे, पण वह्या तपासणं आणि घर यातून मला वेळ मिळत नसे. मामंजी वीजखात्यातून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं ते तारांचं आणि खांबांचं काम बघत होते. या भागातला एक एक खांब त्यांना नंबरासकट पाठ होता. कुणी पत्ता विचारला तर ते दुकानाची किंवा देवळाची खूण सांगत नसत. "चौदाव्या खांबापासून उजवीकडे" म्हणत, आणि ऐकणारा तोंडाकडे बघत राही.

तारा जमिनीखाली गेल्यावर ते खांब काढून टाकले. कामगार गॅसनं खांब कापत होते तेव्हा मामंजी दोन दिवस गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बघत होते. घरी येऊन म्हणाले, "चांगलं झालं. वादळात तारा तुटायच्या नाहीत." आम्ही पुढे काही विचारलं नाही.

बागेत मी पोचले तेव्हा झोक्यांवर मुलं होती. घसरगुंडीवरही होती. मी फाटकातूनच तिच्या नावानं हाक मारली. दोन-तीन बायांनी वळून पाहिलं. मी आत धावले, प्रत्येक बाकाखाली, प्रत्येक झुडपामागे पाहिलं. इतक्या मुलांमध्ये आपलं मूल नसणं किती लवकर कळतं! सगळी डोकी एका क्षणात मोजून होतात आणि एकही आपलं नसतं.

मग माझे पाय आपोआप कुंपणाकडे गेले. पलीकडे खंदक. पावसानं भरलेला, वर हिरवी वनस्पती इतकी दाट की जमीनच वाटावी. कुंपण माझ्या छातीपर्यंत उंच होतं, मूल त्यातून जाऊ शकत नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी गजांना धरून त्या हिरव्या पृष्ठभागावर कुठे भोक पडलंय का, कुठे तो फाटलाय का, ते शोधत उभी राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. मी देवाला हाक मारत होते की आईला, तेही आता सांगता येणार नाही.

"अक्का," मागून कुणीतरी म्हटलं. "पिवळ्या फ्रॉकवाली का? तात्तांबरोबर येते ती?"

काळा बुरखा घातलेली एक तरुण बाई होती, कडेवर वर्षाचं मूल. माझी मुलगी आपल्या आजोबांना तमिळ मुलांसारखं तात्ताच म्हणते. मी हो म्हटलं.

"ती मघाशी गेली. बराच वेळ झाला. तात्ता कुठे गेले म्हणून सगळ्यांना विचारत होती. मी म्हटलं थांब माझ्यापाशी, तर म्हणाली, मला माहीत आहे ते कुठे जातात, मी आणते. आणि पळाली."

"कुठे?"

"ते नाही सांगितलं. फाटकापाशी विचारा."

फाटकापाशी सुंडलवाली होती आणि तिच्या शेजारी गजरे ओवणारी पूक्कारम्मा. पूक्कारम्माला मी लहानपणापासून ओळखते. तिच्या आईकडून माझी आई फुलं घ्यायची. तिनं मला बघितलं आणि तिचा हात दोऱ्यावरच थांबला.

"म्हातारे घरी पोचले का?" तिनं आधी तेच विचारलं.

"ते घरी आहेत. मुलगी कुठे आहे?"

"अय्यो," ती म्हणाली. "ती त्यांना शोधायला गेली. मोठ्या रस्त्याकडे. मी हाक मारली, पण हे गुडघे... मी सुंडलवालीला म्हटलं, जा मागे, तर ती गेली कोपऱ्यापर्यंत, तोवर पोरगी दिसेनाशी झाली."

मोठा रस्ता म्हणजे तिरुवैयारुकडे जाणाऱ्या बसचा रस्ता. त्या वेळी तो मलासुद्धा एका दमात पार होत नाही.

मी वळले तर पूक्कारम्मानं माझा पदर धरला. "ऐक. एक सांगते, राग मानू नकोस. म्हातारे हल्ली वाट चुकतात. दिवाळीच्या आधीपासून. पोरगीच त्यांना धरून घरी नेते. आम्हाला वाटलं तुला ठाऊक असेल."

मला काहीच ठाऊक नव्हतं.

तिथे उभ्या उभ्या मला गेल्या दोन महिन्यांतलं सगळं वेगळंच दिसायला लागलं. आमच्या घरातली मराठी मुलीला कळते, पण ती उत्तर तमिळमध्ये देते. राजवाड्याच्या काळापासून या गल्ल्यांमध्ये राहिलेल्या सगळ्याच मराठी घरांत मुलांचं असंच आहे. पण मधल्या काळात ती अचानक चांगली मराठी बोलायला लागली होती. मामंजींशी तर दुसरं काही बोलायचीच नाही. मला कोण अभिमान वाटला होता! मी शाळेत दोघीतिघींना सांगितलंही होतं. आता पूक्कारम्मा सांगत होती की म्हातारे कधीकधी तमिळ विसरल्यासारखे करतात, रस्त्यावर लोकांना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत सुटतात, कुणाला समजत नाही, मग पोरगी मध्ये पडून सांगते. माझी मुलगी मराठी शिकत नव्हती. ती आजोबांची दुभाषी झाली होती.

मी यजमानांना फोन लावला. ते बसमध्ये होते, मागे हॉर्न वाजत होते. मी काय बोलले ते मलाच नीट कळलं नाही. ते म्हणाले, "पोलिसांत जा. आधी पोलिसांत जा." मग म्हणाले, "अप्पा कुठे आहेत?" मी म्हटलं, "कोंडलंय."

मोठ्या रस्त्यावर आले. पाऊस पुन्हा भुरभुरत होता. बसच्या दिव्यांत पाणी चमकत होतं, रिक्षा, मोटारसायकली, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाची गर्दी. तिथे प्रत्येकाला विचारलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. एकानं राजवाड्याच्या दिशेनं हात केला, दुसऱ्यानं बसस्टँडच्या. रस्त्याच्या मध्यावर काहीतरी पिवळं पडलेलं दिसलं तेव्हा मी ब्रेक दाबला. तो केळ्याच्या चिरडलेल्या सालींचा ढीग होता. मी त्याकडे पाहत राहिले आणि स्कूटी कडेला लावायचंही भान राहिलं नाही, मागचा बसवाला शिव्या देत होता.

ती म्हणाली होती, मला माहीत आहे ते कुठे जातात. मी तेच वाक्य परत परत मनात घोळवत होते. मामंजी कुठे जातील? देऊळ? वाचनालय? सासूबाईंच्या बहिणीचं घर? आणि मग ते सरळ समोर आलं. ज्या माणसाला आजचा रस्ता सापडत नाही तो जुन्या रस्त्यानं जाईल. तीस वर्षं सायकलवरून ते रोज जिथे गेले तिथेच.

वीजखात्याचं त्यांचं जुनं कार्यालय रस्त्याच्या पलीकडे, दोन वळणं घेऊन आत आहे. फाटकाच्या आत राखणदाराची खोली. खोलीत पिवळा बल्ब. आणि खुर्चीवर, पाय जमिनीला न टेकता, माझी मुलगी बसली होती. अंगावर कुणाचातरी टॉवेल.

मी तिला धरलं तेव्हा ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून फाटकाकडेच बघत होती. "अम्मा, तात्ता अजून आले नाहीत," मराठीत म्हणाली. "ते हरवले. मी जरा झोका घेतला. जराच."

"ते घरी आहेत."

"घरी?" तिला ते खरं वाटेना. "एकटे गेले? रस्ता आठवला त्यांना?" आणि मग ती रडायला लागली, इतक्या जोरात की राखणदार घाबरला.

राखणदार म्हातारा होता, मामंजींच्या हाताखाली काम केलेला. तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, साहेब इथे तीन-चारदा आले. हजेरी लावायला आलो म्हणतात. एकदा मी स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं. घरी सांगू नकोस म्हणाले, शपथ घातली. आज ही एकटी आली. साहेब येतील म्हणून हलायलाच तयार नाही. मी माझा बदली माणूस आला की हिला आणूनच सोडणार होतो."

मी त्याच्यावर ओरडायला पाहिजे होतं बहुधा. मी त्याच्या पाया पडले.

पोलिसांत जायचं राहिलंच. मी यजमानांना फोन करून सापडली म्हटलं. मुलीला स्कूटीवर पुढे उभी करून घराकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत मला आठवलं की मी मामंजींना कुलपात ठेवून आले आहे.

आमच्या गल्लीत शिरताच माणसं दिसली. समोरच्या घरातल्या मामी, त्यांचा मुलगा, आणखी दोघंतिघं, सगळे आमच्या दारासमोर. आणि ग्रिलच्या आत मामंजी. दोन्ही हातांनी गज धरलेले, घामानं भिजलेले, आवाज बसलेला. मामी म्हणाल्या, "अर्धा तास ग्रिल हलवताहेत. काय म्हणताहेत तेच कळत नाही, तुमच्या भाषेत बोलताहेत. तमिळमध्ये विचारलं तर उत्तर देत नाहीत. आम्हाला वाटलं छातीत दुखतंय."

त्यांनी मला पाहिलं. मुलगी उतरून माझ्यामागे उभी होती, ती त्यांना दिसली नव्हती.

"दार उघड," मामंजी म्हणाले. "मी तिला बागेत विसरून आलो. मी तिला विसरलो. मज जाऊ दे. काळोख पडला आहे, ती भिईल. मज आत कां घातलें?"

म्हणजे त्यांना आठवलं होतं. मी निघाल्यावर थोड्या वेळानं त्यांना सगळं आठवलं होतं, आणि ते बाहेर पडू शकत नव्हते, आणि दारासमोर जमलेल्यांत त्यांचं बोलणं समजणारं कुणीच नव्हतं.

किल्ली कुलपात लवकर जाईना. मुलीनं गजांतून हात घालून त्यांच्या कमरेच्या वेष्टीचं, धोतराचं, टोक धरलं. "तात्ता, मी आले," ती म्हणाली. त्यांनी खाली पाहिलं. मग तिथेच, दाराच्या आत, जमिनीवर बसले.

नंतरच्या दिवसांत डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले. डॉक्टरांनी त्यांचं नाव, गाव, वार विचारला. वार चुकला. खांबांचे नंबर मात्र त्यांनी न विचारता धडाधड सांगितले आणि डॉक्टरबाई हसल्या. बाहेर येऊन यजमानांना म्हणाल्या, हे हळूहळू वाढत जाईल, थांबणार नाही, सांभाळा. जपण्याच्या बाबतीत त्यांनी पुष्कळ सांगितलं. मला त्यातलं एकच ऐकू आलं, वाढत जाईल.

मुलीकडून मी तुकड्यातुकड्यानं काढून घेतलं. पहिल्यांदा ते चुकले तेव्हा त्या दोघांनी मिळून गल्ल्यांत तीन फेऱ्या मारल्या होत्या. मामंजी एका कोपऱ्यावर थांबून म्हणाले होते, इथे खांब होता. मग तिला म्हणाले, तुझ्या अम्माला सांगू नकोस, ती मग मला बाहेर सोडणार नाही, आणि तुझीही बाग बंद होईल. तिला दोन्ही गोष्टी पटल्या. "तुला भीती वाटली नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "रोज वाटायची. झोक्यावर बसलं की जास्त. तात्तांकडे पाठ होते ना."

यजमानांचं मत ठाम होतं. ग्रिलला कुलूप, मामंजी घरात, मुलगी घरात. मी नाही म्हटलं नाही. खरं तर मला तेच हवं होतं. दोन आठवडे आम्ही तसं केलं. मी शाळेत असताना एक बाई घरी बसायची. पण शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच माझा हात थांबायचा, कुलूप आहे, आग लागली तर? त्यांना पुन्हा काही आठवलं तर? मी घरी आले की ते ग्रिलपाशी उभे असत. काही मागत नसत. मुलगी शेजारी स्टुलावर बसून चित्रं काढे. संध्याकाळी पाच वाजता बागेकडे जाणारी मुलं आमच्यासमोरून पळत जात, आणि ती दोघं एकदमच मान वळवून त्यांना बघत.

एके दिवशी मामंजींनी मला विचारलं, "माझें काय चुकलें म्हणून कोंडलें आहे?" मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. त्या संध्याकाळी चार वेळा मी त्यांना सांगितलं की तुम्ही नातीला बागेत विसरलात, आणि चारही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, चारही वेळा त्यांचे डोळे भरून आले. चौथ्या वेळेनंतर मी ठरवलं की आता कधीच सांगायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी वह्या तशाच ठेवून दोघांना घेऊन बागेत गेले.

सोपं नव्हतं ते. मामंजींना फाटकाकडे तोंड करून बसवलं तर ते उठून चालू लागत, म्हणून पाठ करून बसवलं. मुलगी झोक्यावर, म्हणजे डावीकडे. माझं डोकं सारखं इकडून तिकडे. कुत्रं भुंकलं तरी मी दचके. कुणाचा पिवळा कपडा दिसला की मी अर्धी उठे. बागेत आनंदानं ओरडणारी पन्नास मुलं, आणि मी अशी बसलेली, जसं काही कुणीतरी आता किंकाळी फोडणार आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती बुरख्यातली बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं मूल माझ्या मांडीवर चढलं. तिनं काही विचारलं नाही. मीच बोलले. घराबाहेर जे सांगायचं नाही असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं होतं, ते मी एका जवळजवळ अनोळखी बाईला सांगून टाकलं. माझे सासरे विसरतात. ते एकटे दिसले तर धरून ठेवा. काही बोलले आणि कळलं नाही, तर नुसती मान हलवा, पण हात सोडू नका.

ती म्हणाली, "अक्का, माझी आजी ओरत्तनाडुला असते. तिचं असंच आहे. आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे, शेळी सुटली तरी आधी आजीला बघतात." मग तिनं पलीकडच्या बाकावरच्या दोघींना हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाली, "आता यांना सांगा. मला सांगितलं तसंच."

मला लाज वाटली. तरी सांगितलं. त्यानंतर सुंडलवालीला, पूक्कारम्माला, बागेच्या माळ्याला. पूक्कारम्मा म्हणाली, "आम्हाला काय सांगतेस? आमच्याकडून तुला कळलं." ते खरंच होतं. मी मामंजींच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशात आतून कापडाचा तुकडा शिवला, त्यावर तमिळमध्ये पत्ता आणि माझा फोन नंबर. शिवताना त्यांनी पाहिलं. विचारलं नाही. सुई ओवून द्यायला मात्र हात पुढे केला.

भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. ती वाटली गेली, इतकंच. महिन्याभरापूर्वी मी मुलीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर पाणी घालत होते, तेवढ्यात मामंजी उठून गेले. वळून पाहिलं तर बाक रिकामं. माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत फाटकाकडून पूक्कारम्माचा आला, "इथे आहेत! बसवलंय!" ते तिच्या शेजारी पोत्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते. माझ्याकडे बघून त्यांनी तमिळमध्ये, अगदी अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणत्या घरच्या?" मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "हो का? मीही त्याच बाजूचा."

मुलगी आता नऊ वर्षांची होईल. परवा तिनं मला सांगितलं की तिला मैत्रिणींबरोबर बागेच्या पलीकडच्या टोकाला खेळायचंय, जिथून आमचं बाक दिसत नाही. तिथे दोरीवरून चढायची जाळी बसवली आहे. मी म्हटलं, इथूनच खेळ. ती म्हणाली, "अम्मा, तू तात्तांना बघ. मला नको बघूस आज."

मी हो म्हटलं. ती पळाली आणि झाडांच्या पलीकडे गेली. मामंजी माझ्या शेजारी बसून पाऊस येईल का ते विचारत होते. मी येणार नाही म्हणत होते आणि माझे कान त्या टोकाला लागले होते. तिथे मुलांचा गलका होता, त्यातला तिचा आवाज मला वेगळा काढता येत नव्हता. दोनदा मी उठायला गेले. दोनदा बसले. मामंजींच्या मनगटाला धरून ठेवलं होतं, ते त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

वीस मिनिटांनी ती घामेजून आली, माझ्या हातातली बाटली हिसकावून निम्मं पाणी प्यायली, उरलेलं तात्तांना दिलं आणि पुन्हा पळाली.